चार मात्रा कमी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा, सोळा — आणि बारा! पुन्हा सोळा. तीनदा मोजलं. तिसरी ओळ बाराच भरते.

पहिल्यापासून लिहितो, नाहीतर पुढच्या महिन्यात मलाच कळायचं नाही. दादाला जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. न्यूमोनियानं अकरा दिवसांत नेला. धक्क्यावरच्या ऑफिसातला त्याचा खण वहिनीनं काल रिकामा करून आणला. चष्म्याची डबी, घशाच्या गोळ्या, माइकवर चढवायची स्पंजाची टोपी, आणि एक कागद. लाँचच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली कविता. दादाची! एकतीस वर्षं हा माणूस ‘लाँच नंबर दोन पाच मिनिटांत सुटेल’ म्हणत होता आणि पाठीमागे हे चाललं होतं. घरात कोणाला पत्ता नाही.

वहिनीनं कागद माझ्याकडे दिला, कारण सगळ्यात वर लिहिलंय — धाकट्यासाठी, मोठ्याने. आई आम्हाला याच नावांनी हाक मारायची. मोठा आणि धाकटा. शाळेच्या दाखल्यावरची नावं शाळेपुरती. म्हणजे मला अर्पण केली आणि सही ठोकून दिली. बराच वेळ कागद हातात धरून बसलो.

कविता उतरवून ठेवतो. कागद जपून ठेवायला हवा, पेन्सिल पुसट होत चाललीय.

लाटेवरती नाचे टोपी
टोपीखाली स्वारी झोपी
बोट निघाली कोठे
कोण विचारी? मासे मोठे!
डुबुक डुबुक हो, डुबुक डुबुक हो

होकायंत्री काटा फिरतो
उत्तर कुठली तोच विसरतो
बेट पुढे ते दिसले
पाउल पडता खुदकन हसले!
डुबुक डुबुक हो, डुबुक डुबुक हो

भोक पडे अन् पाणी आले
‘या या’ म्हणते स्वारी, झाले!
बूट मिळाला, उपसा
पाय कुणाचा आत? तपासा!
डुबुक डुबुक हो, डुबुक डुबुक हो

धक्का आला, भोंगा अडला
हसले मासे, भोंगा रडला
बोल जरा तू काही
येथे कसली घाई नाही
डुबुक डुबुक हो, डुबुक डुबुक हो

‘या या म्हणते स्वारी, झाले’ — इथे हसू आलं. एक्केचाळीस दिवसांत पहिल्यांदा. मग लाज वाटली. मग पुन्हा वाचलं, पुन्हा हसू आलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

कवितेतलं मला काही कळत नाही. पण मोजणं कळतं. बावीस वर्षं दवाखान्यात ईसीजी, म्हणजे हृदयाच्या पट्ट्या काढतोय. पट्टीवर बारीक चौकोन असतात. कोणता ठोका किती चौकोनांनी आला ते मोजायचं, एवढंच काम. अर्थ डॉक्टर सांगतात.

शाळेत शिकवलेलं आठवत होतं — ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची मात्रा एक. दीर्घ ते गुरु, दोन. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्वसुद्धा गुरु होतं. दवाखान्यात उरलेल्या पट्टीच्या कागदावर मांडलं. लघुला एक चौकोन, गुरुला दोन. ला-टे-व-र-ती-ना-चे-टो-पी. दोन दोन एक एक दोन दोन दोन दोन दोन. सोळा! आणि नुसते सोळा नाहीत, चार-चारचे चार ठोके. ‘होकायंत्री काटा फिरतो’ — चार, चार, चार, चार. निरोगी माणसाची पट्टी अशीच दिसते.

डुबुकची ओळसुद्धा सोळाची. डुबुक तीन, डुबुक तीन, हो दोन — आठ. दोनदा. दादा, शाबास!

फक्त प्रत्येक कडव्यातली तिसरी ओळ बाराची. चारही कडव्यांत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

धक्का-मास्तरांचा निरोप वहिनीकडे आला. प्रवासी बसतात त्या खोलीच्या भिंतीवर दादाची कविता रंगवून घ्यायची आहे. वहिनीनं त्यांना कागदाचा फोटो दाखवला होता. बावीस तारखेला, रविवारी, सगळे कर्मचारी अर्धा तास जमणार. घरच्या कोणीतरी ती वाचावी असं त्यांचं म्हणणं.

सांगताना वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच चहाच्या कपाकडे पाहिलं. म्हणाली, पोरगी वाचेल. पुतणी वाचेल हे योग्यच. तिचा आवाज बापावर गेलाय.

पण मजकूर नक्की करायचं काम माझं. भिंतीवर एकदा चढलं की पंचवीस वर्षं तसंच राहणार. बाराच्या ओळी बाराच्याच चढल्या तर जाणारा-येणारा म्हणेल, घोषणावाला कविता करायला गेला आणि मोजायला विसरला. दादाचं असं हसं होऊ देणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. यमकं तपासली.

टोपी–झोपी चोख. कोठे–मोठे चोख. फिरतो–विसरतो, दिसले–हसले, आले–झाले, अडला–रडला, काही–नाही. सगळी चोख. उपसा–तपासा जरा लंगडं आहे, पण तिथे बूट पायातच आहे, तेव्हा लंगडणारच. हे दादानं मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही. पण दादा असता तर मुद्दाम केलं म्हणून सांगितलं असतं.

डुबुकचं मात्र नीट पाहिलं. चारदा तीच ओळ, अक्षरही बदललेलं नाही. तरी पहिल्यांदा ती लाट असते. दुसऱ्यांदा बेट म्हणून ज्यावर पाय दिला तो मासा बुडी मारतो. तिसऱ्यांदा बोटीत पाणी. चौथ्यांदा भोंग्याची आसवं. ओळ हलत नाही, शेजार बदलतो. पट्टीतही असंच — ठोक्याचा आकार तोच, मागचं-पुढचं काय ते पाहून कळतं.

हे कोणाला सांगावंसं वाटलं. सांगायला दादाच नाही. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ‘अरे वा, मला माहीतच नव्हतं मी इतका हुशार.’

१० फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली होती. लिहिली नाही. आज लिहितो.

बारा मात्रांच्या चारही ओळी ब-नं सुरू होतात. बोट, बेट, बूट, बोल. बाकीच्या सगळ्या कवितेत ब-नं सुरू होणारा एकही शब्द नाही. शोधून पाहिला.

ब माझा शत्रू. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून. ठरलेलं आहे — दोनदा अडतो, तिसऱ्यांदा सुटतो. वर्गात मला ‘टाइपरायटर’ म्हणायचे. दवाखान्यात दिवसातून तीस वेळा ‘बोलू नका, हलू नका’ म्हणावं लागतं, म्हणून मी ते पुठ्ठ्यावर छापून घेतलंय आणि पेशंटसमोर धरतो. लोकांना वाटतं किती शिस्तीचा दवाखाना आहे.

दादानं आयुष्यात एकदाही माझी नक्कल केली नाही. सगळे माझं वाक्य पूर्ण करून टाकतात — आई करायची, डॉक्टर करतात, वहिनी तर मी तोंड उघडायच्या आधी करते. मदत म्हणूनच करतात. दादा करायचा नाही. थांबायचा. टेबलावर बोटानं टकटक करत खिडकीबाहेर बघायचा, जसं काही बाहेर फार महत्त्वाचं चाललंय.

मग हे चार ब कशाला? माझ्यासाठी म्हणून लिहिली आणि नेमके ब पेरले? आणि वर भोंगा अडला, मासे हसले!

चिडवलंय का मला? दादा, तू पण?

११ फेब्रुवारी, बुधवार

कालचं वाचलं. मूर्खपणा आहे. ‘बोट’शिवाय समुद्राची कविता होते का? बाकीचे ब तिच्यामागून आले, एका वळणाचे शब्द म्हणून. झालं. पुढे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे भाषेचे सर आता घरीच असतात. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटाच्या पेरांवर मोजलं आणि माझ्या पट्ट्यांकडे पाहून म्हणाले, ही पद्धत चाळीस वर्षांपूर्वी मिळाली असती तर पोरं पास झाली असती. छंद बरोबर सांगितलात म्हणाले. मला बरं वाटलं.

तिसऱ्या ओळीबद्दल त्यांचं मत — हौशी कवी, राहून गेलं. अशा वेळी भरीचा शब्द घालतात, हो, की, बरं का, असले. घालून टाका.

मी मान हलवली, पण पटलं नाही. हौशी माणूस एखाद्या ओळीत चुकेल. चारही कडव्यांत, त्याच जागी, बरोबर चार मात्रांनी चुकत नाही. पट्टीत दर चौथा ठोका गळत असेल तर ती चूक नसते, त्यामागे कारण असतं. इथे शब्द होता. दादाच्या तोंडात होता, कागदावर यायचा राहिला.

वहिनीला विचारलं, कधी म्हणताना ऐकलीस का? तिनं आठवून पाहिलं. म्हणाली, ‘तोंडानं नाही हो भाऊजी. पण मागच्या पावसाळ्यात जेवायच्या टेबलावर कागद घेऊन बसायचे आणि मध्येच दोन टिचक्या वाजवायचे. मी म्हटलं, ढोलकी शिकताय की काय.’

दोन टिचक्या! दोन गुरु, चार मात्रा! म्हणजे शब्दाची जागा ठरलेली होती, शब्द मिळाला नव्हता. टिचकी वाजवून पुढे जायचा. शब्द शोधायचं काम धाकट्यासाठी ठेवलंय. कागद मला दिलाय तो उगाच नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मिळाला!

‘ऐका.’ ऐ दोन, का दोन. चार.

ऐका, बोट निघाली कोठे — सोळा. ऐका, बेट पुढे ते दिसले — सोळा. ऐका, बूट मिळाला, उपसा — सोळा. अर्थाला धक्का नाही, आणि घोषणा करणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभतोही. चौथ्या कडव्यात ‘ऐका’ आणि ‘तू’ जुळेना, म्हणून तिथे ‘आता’. आता बोल जरा तू काही. सोळा!

शब्द इतका पटकन कसा सुचला त्याचं कारण आहे. ब समोर दिसला की मी स्वतः हेच करतो. ‘ऐका, बस कुठे थांबते?’ पुढे ‘ऐका’ लावला की कधीकधी ब झोपेत असताना निसटून जाता येतं. दादाला माझी ही युक्ती माहीत होती. मग हाच शब्द असणार.

सरांनी दाद दिली. ‘तुम्ही पट्ट्या काढण्यात आयुष्य घालवलंत.’ घालवलं की सार्थकी लावलं ते बोलले नाहीत.

स्वच्छ प्रत लिहून धक्का-मास्तरांकडे पोचवली. सही खाली उजव्या कोपऱ्यात असते, म्हणून ‘धाकट्यासाठी, मोठ्याने’ तिथे नेलं. नीटनेटकं दिसतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पुतणीनं वाचून दाखवली. छान वाचते, डुबुकला मान डोलावते. पण तिसऱ्या ओळीपाशी दर वेळी जरा पडते. तिलाही कळलं. म्हणाली, ‘काका, इथे मजा जाते रे. ऐका म्हटलं की वाटतं लाँचला उशीर झालाय.’

मी पट्टी काढून मात्रा दाखवल्या. ती म्हणाली, मात्रा बरोबर असतील, मी कुठे नाही म्हणते.

बापासारखीच. वाद घालायचा नाही आणि हरायचंही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात एका आजीबाईंच्या पट्टीत एक ठोका वेळेआधी आलेला. असा आला की हृदय पुढे जास्त थांबतं, आणि बेरीज तेवढीच राहते. त्यांना घाबरू नका म्हणून सांगावंसं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहायला हवं. घाई नको.

दुपारी धक्क्यावर गेलो, भिंत बघायला. पेंटर शिडीवर होता. साठीचा, काटकुळा, कानामागे पेन्सिल. खडूनं ओळींच्या रेघा आखून झाल्या होत्या, सगळ्यात वर एक बोट काढली होती आणि पहिल्या दोन ओळी निळ्या रंगात रंगवूनही झाल्या होत्या. अक्षर सुरेख. मी हातानंच छान म्हटलं.

तो म्हणाला, बरं झालं आलात, तुमचा कागद गेला. खाली पाहिलं तर माझी स्वच्छ प्रत पाण्याच्या डब्यात तरंगत होती. ऐका-आतासकट सगळी शाई पाण्यात! मी खिशात हात घातला. दादाचा कागद हल्ली माझ्याकडेच असतो. तो वर द्यायला गेलो तर म्हणाला, दोन्ही हात भरलेत साहेब, तुम्हीच सांगा ओळ. आणि बाहेर लाँचचं इंजिन चालू होतं म्हणून वर म्हणाला, ‘मोठ्यानं हं, इथे वर काही ऐकू येत नाही.’

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. धक्का-मास्तर लाँचवर गेलेले. बाकावर एक बाई झोपलेली.

मी सांगणार होतो ‘ऐका’पासून. पण नजर दादाच्या कागदावर, आणि कागदावर ‘ऐका’ नाही. शिवाय मागच्या दोन ओळींची लय डोक्यात चालू होती — नाचे टोपी, स्वारी झोपी — आणि पाय घसरावा तसा थेट ब-वर गेलो.

बो — बो — बोट निघाली कोठे.

आता तो हसेल, नाहीतर माझं वाक्य पुरं करेल, या दोहोंपैकी एक. पेंटरनं ब्रशच्या दांड्यानं शिडीवर ठोके दिले. टक, टक, टक, टक. मग म्हणाला, ‘हां, आता बसली. त्या कागदावर लंगडत होती.’ आणि वळून विचारलं, ‘ते दोन बो सुटे लिहू की जोडून?’

त्याला वाटलं कवितेतच आहे!

दादाच्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं मांडलं. बो दोन, बो दोन. चार. बारा आणि चार. सोळा.

मग दुसरं कडवं वाचलं. मुद्दाम. बे — बे — बेट पुढे ते दिसले. सोळा. बू — बू — बूट मिळाला, उपसा. सोळा. पेंटर हसला. बुटाला हसला, मला नाही! तो फरक मला नीट कळतो. पन्नास वर्षांचा सराव आहे.

चारही ओळींत दीर्घ अक्षर. बो, बे, बू, बो. ऱ्हस्व ब एकही नाही. ब-ब करून दोनच मात्रा भरल्या असत्या, दादाला चार हव्या होत्या. मोजून घेतल्यात. टेबलावर टिचक्या वाजवून. मागचा सगळा पावसाळा.

भरीचा शब्द त्यात होताच. कागदावर नव्हता, कारण तो कागदावर ठेवायचा नव्हता. ही कविता फक्त एकाच माणसाच्या तोंडी सोळा मात्रांची होते. दुसऱ्या कोणीही वाचली की ती चारदा अडखळणार. आणि मी वाचली की नाही अडखळणार!

चिडवलंय का म्हणे. दहा तारखेचं पान फाडणार होतो. राहू दे.

पेंटरला सांगितलं, चारही ओळींच्या आधी दोन अक्षरांची जागा सोडा. काही लिहू नका. तो म्हणाला, लोक म्हणतील पेंटर विसरला. मी म्हटलं — म्हणू दे. (तेही अडलं नाही, पण त्यात ब नाही.)

येताना पुतणीकडे गेलो. उद्या मी वाचतो म्हणालो. तिनं विचारलं नाही का म्हणून. वहिनीच्या हातातलं अर्धी घडी घातलेलं लुगडं तसंच राहिलं, ती म्हणाली, ‘भाऊजी, तुम्हाला नको असेल तर —’ आणि तिथेच थांबली. माझ्याशी बोलताना पहिल्यांदा तिचंच वाक्य अर्धं राहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

वाचली.

तीसेक माणसं होती. रंगाचा वास. पहिली बोट आली तेव्हा एकदोघांनी माना खाली घातल्या, माझी दया येऊन. बेटापर्यंत त्या वर आल्या. बुटाला अख्खी खोली हसली, धक्का-मास्तर तर डोळे पुसत हसले. सर मागे उभे राहून पेरांवर मोजत होते. मध्येच त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या कडव्याला गंमत झाली. मी दोन बो तयार ठेवले होते. आणि ‘बोल’ एकदम आला! एकदाच. सरळ. आयुष्यात पहिल्यांदाच अडायला हवा होता, तेव्हा अडला नाही!

बोल जरा तू काही. बाराच. चार मात्रा हातात उरल्या.

मग आठवलं. लवकर आलेल्या ठोक्यानंतर काय करायचं ते मला माहीत आहे. थांबलो. खोलीत कोणी हललं नाही, कोणी माझी ओळ पूर्ण केली नाही. पहिल्या बाकावर वहिनीनं बोटानं दोन टिचक्या वाजवल्या.

येथे कसली घाई नाही.

डुबुक सगळ्यांनी मिळून म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पेंटरचा निरोप. सही तेवढी राहिलीय. ‘धाकट्यासाठी, मोठ्याने’ खाली कोपऱ्यातच लिहू ना, तुम्ही दिलं होतं तसं?

कागद काढून बघितला. दादानं ते खाली लिहिलेलंच नाही. सगळ्यात वर आहे, कवितेच्या आधी. सही कोणी आधी करतं का?

मोठ्याने म्हणजे दादाने नव्हे. मोठ्या आवाजात.

आणि मी अठरा दिवस मनातल्या मनात मोजत बसलो होतो!